मुरानोच्या भट्ट्यांपाशी सहा दिवस

पहिला दिवस

मी काच फुंकते. नव्या ओळखीत हे सांगितले की समोरचा माणूस चुलीची फुंकणी आठवून हसतो किंवा बांगड्यांविषयी विचारू लागतो. त्यात त्याची फारशी चूक नसते, कारण माझ्या हातातली नळी म्हणजे सव्वा मीटर लांबीची पोलादी फुंकणीच असते; फरक इतकाच की तिच्या टोकाला अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, काकवीसारखा ओघळू पाहणारा काचेचा गोळा असतो आणि तो सतत फिरवत ठेवला नाही तर पायांवर येतो. गेली बारा वर्षे मी एक लहानशी कार्यशाळा चालवते. तिथली विजेची भट्टी एकदा तापवली की महिनोन्महिने रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, कारण थंड होताना आतली मूस, म्हणजे काच वितळवायचे भांडे, तडकते आणि सारे पुन्हा तापवायचे म्हटले तर कित्येक दिवस जातात. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असावे तसे माझे सगळे वेळापत्रक त्या भट्टीभोवती फिरते. या ऑक्टोबरमध्ये झिजलेली मूस बदलण्यासाठी भट्टी विझवावीच लागली, आणि अनायासे पदरात पडलेला तो आठवडा घेऊन मी इटलीत व्हेनिसजवळचे मुरानो हे काचकारांचे बेट गाठले.

व्हेनिसच्या विमानतळावरून बहुतेक प्रवासी थेट मुख्य शहराकडे जातात. मी खाजणातून जाणाऱ्या बोटीने मुरानोच्या कोलोन्ना धक्क्यावर उतरले, तेव्हा दुपार कलली होती आणि पाण्याचा रंग ठरवता येत नव्हता. तो हिरवा म्हणावा तर त्यात दुधाळपणा होता, राखाडी म्हणावा तर खालून कुठून तरी उजेड येत होता. काचेत असा रंग आणायचा झाला तर तांबे किती, लोह किती आणि अपारदर्शकता कशाने आणायची, असा हिशेब मनात आपोआप सुरू झाला. या धंद्यात माणूस निसर्गसौंदर्य पाहत नाही, कृती शोधत बसतो, अशी तक्रार माझ्या घरचे करतात आणि ती खरी आहे.

मुरानो हे खरे तर पुलांनी जोडलेल्या लहान बेटांचे गाव आहे. धक्क्यापासून आत जाणाऱ्या कालव्याचे नावच रिओ देई व्हेत्राई, म्हणजे काचकारांचा कालवा, असे आहे. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचभट्ट्या इकडे हलवण्याचा हुकूम काढला. दाट वस्तीच्या शहराला आगीची भीती होती हे त्याचे सांगितले जाणारे कारण. सगळे कारागीर एका बेटावर असले की त्यांच्यावर नजर ठेवणे सोपे जाते, हा त्यातून मिळालेला लाभ. काचकाराने परवानगीवाचून प्रजासत्ताक सोडणे हा गुन्हा ठरवला गेला होता, तर दुसऱ्या बाजूने काचकाराच्या मुलीने उमरावाशी लग्न केल्यास तिच्या मुलांचे उमरावपद अबाधित राहत असे. मानही मोठा आणि बेडीही मोठी.

संध्याकाळी त्या कालव्याच्या काठाने दुकानांच्या काचा पाहत फिरले आणि थोडी खट्टू झाले. रंगीत मासे, विदूषक, घोडे यांच्या रांगांमध्ये इथल्या भट्टीतून निघालेले किती आणि बाहेरून आणून ठेवलेले किती, हे ओळखायला कारागिराची नजरही पुरत नाही. बेटावर बनलेल्या काचेसाठी तिथल्या प्रादेशिक सरकारने १९९४ मध्ये कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह ठरवले आहे; ते काही दारांवर दिसले, बऱ्याच दारांवर दिसले नाही. अशा दुकानांसाठी आपण भट्टी बंद असतानाचा आठवडा खर्ची घातला का, असा विचार करत झोपले.

दुसरा दिवस

सकाळी काच संग्रहालय पाहिले. पालाझ्झो जुस्तिनियान या जुन्या वाड्यात व्हिन्चेन्झो झानेत्ती या धर्मगुरूने १८६१ मध्ये ते सुरू केले. प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपल्यानंतर इथल्या भट्ट्या एकेक करून विझत गेल्या होत्या आणि जुने नमुने डोळ्यांसमोर राहिले नाहीत तर हात ते विसरतील, ही त्याची चिंता होती. हाताच्या विसरण्याची काळजी करणारा हा माणूस मला एकदम जवळचा वाटला.

पंधराव्या शतकाच्या मध्याला आंजेलो बारोव्हिएर याने ‘क्रिस्ताल्लो’ ही काच सिद्ध केली. वनस्पतींच्या राखेतून मिळणारा सोडा पुन:पुन्हा शुद्ध करून आणि मँगनीजच्या मदतीने हिरवट झाक मारून त्याने ती जवळजवळ रंगहीन बनवली. आपण रोज ज्या काचेतून पाणी पितो तिच्यात रंग ‘नसणे’ हे कोणे एके काळी कुणाच्या तरी हाताला आलेले यश आहे, हे त्या पातळ, किंचित धुरकट पेल्यांसमोर उभे राहिल्यावर उमगते. शेजारीच त्याच घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा गडद निळा, मीनाकाम केलेला विवाहचषक आहे. गर्दी त्याच्यापुढे थांबते. मी मात्र त्याच घराण्यातल्या मारिएत्तासाठी आले होते.

मारिएत्ता ही आंजेलोची मुलगी. आतून बाहेर थराथराने रंग चढवून, टोके घासून फुलासारखी नक्षी उघड करणारा ‘रोसेत्ता’ मणी तिने प्रथम घडवला, असे परंपरा मानते. आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत पुढची कैक शतके हा मणी व्यापारात हिंडला. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद: १४८७ मध्ये व्हेनिसच्या दोजेने, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने, तिला स्वतःची लहानशी भट्टी बांधण्याची परवानगी दिली होती. मुरानोत भट्टीपुढे पुरुष आणि मणी ओवायला बायका, अशी कामाची वाटणी अगदी विसाव्या शतकापर्यंत होती. दारात बसून सुयांचा जुडगा मण्यांच्या परातीत फिरवणाऱ्या त्या बायकांना ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. त्या बेटावर एका स्त्रीची स्वतंत्र भट्टी होती, तीही कोलंबस अमेरिकेला पोहोचण्याच्या पाच वर्षे आधी.

लहान भट्टी आणि एकटा कलावंत, ही कल्पना आमच्या पिढीला अमेरिकेतून आलेली म्हणून शिकवली गेली. १९६२ च्या मार्चमध्ये टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारातल्या एका शेडमध्ये हार्वी लिटल्टन या कुंभारकामाच्या प्राध्यापकाने कार्यशाळा भरवली आणि काच कारखान्याबाहेर, एका माणसाच्या आवाक्यातल्या भट्टीत वितळवून दाखवली. पहिले काचमिश्रण नीट वितळले नाही, तेव्हा संशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी काचतंतू बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोट्या आणून दिल्या आणि त्या वितळवून काम सुरू झाले. त्या गोट्यांचा क्रमांक ४७५ होता. मारिएत्ताची परवानगी आणि टोलेडोची कार्यशाळा यांत अंतरही ४७५ वर्षांचेच आहे. याला काही अर्थ नाही, हे मला कळते. तरीही हिशेब जुळल्यावर संग्रहालयाच्या जिन्यात मी एकटीच हसले.

दुपारी सांता मारिया ए सान दोनातो या बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये जमिनीवरचे मोझेक पाहिले. दोन कोंबडे एका कोल्ह्याला काठीला उलटा टांगून मिरवत नेत आहेत, हे चित्र त्यात आहे आणि ते केवळ पाहण्यासाठी पुन्हा मुरानोला यायला मी तयार आहे.

तिसरा दिवस

एका परिचितांच्या ओळखीने चार माणसांच्या एका भट्टीत दिवसभर बसण्याची परवानगी मिळाली होती. अट एकच होती, की मी कुठे बसायचे ते ते ठरवतील आणि मी तिथून उठायचे नाही. सकाळी सहाला पोहोचले तेव्हा काम सुरू होण्याच्या बेतात होते. आदल्या संध्याकाळी मुशीत भरलेले वाळू, सोडा आणि चुन्याचे मिश्रण रात्रभर चौदाशे अंशांच्या आसपास शिजते, त्यातले बुडबुडे वर येऊन निघून जातात आणि पहाटे उष्णता उतरवून काच हाताळण्याजोगी दाट केली जाते. माझ्याकडेही हेच होते. मात्र माझ्याकडे रात्रीचा राखणदार, सकाळचा कारागीर आणि दुपारचा हमाल ही तिन्ही पदे मीच भूषवते.

भट्टीपुढच्या या चमूला मुरानोत ‘पिआत्सा’ म्हणतात. चौकासाठीही हाच शब्द आहे. बाकावर बसणारा तो ‘माएस्त्रो’, त्याचा उजवा हात तो ‘सेर्वेन्ते’, त्याच्या हाताखालचा ‘सेर्वेन्तीनो’ आणि दारे उघडण्यापासून नळ्या तापवण्यापर्यंत सगळी पडेल ती कामे करणारा पोरगेला ‘गार्झोने’. इथला माएस्त्रो साठीच्या घरातला, बुटका आणि कमालीचा सावकाश माणूस होता. पहिला तासभर मला वाटत राहिले की हा फारच रमतगमत काम करतो आहे. मग लक्षात आले की तासाभरात चार चषक झाले होते आणि एवढ्या वेळात माझा एक झाला असता.

त्या दिवशी त्यांना जाळीची काच करायची होती. पांढरे दुधी धागे आत असलेल्या काचेच्या काड्या आधीच ओढून, सारख्या लांबीच्या कापून ठेवलेल्या होत्या. काचेच्या आत धागे खेळवण्याची ही विद्या इथे फार जुनी आहे. १५२७ मध्ये दोघा भावांनी पिळाच्या धाग्यांच्या काचेसाठी प्रजासत्ताकाकडे खास हक्क मागितला होता. गार्झोनेने काड्या एका फरशीवर शेजारीशेजारी मांडल्या आणि ती फरशी भट्टीच्या तोंडाशी धरली. काड्या मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या, चटईसारखे एक पान तयार झाले. तोवर सेर्वेन्तेने नळीच्या टोकाला साध्या काचेची कड करून आणली होती. ती कड पानाच्या एका बाजूवरून त्याने अशी लोळवली की पान नळीभोवती गुंडाळले गेले आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना अचूक भिडल्या. माएस्त्रोने चिमट्याने ती शिवण दाबली, मोकळे टोक आवळून बंद केले आणि नळी फिरवता फिरवता सगळ्या धाग्यांना एक पीळ दिला. असा एक फुगा उजवीकडे पिळलेला, दुसरा डावीकडे. पहिला उघडून वाटीसारखा करायचा, दुसरा त्यात उतरवून आतून फुंकायचा. दोघांचे धागे एकमेकांना छेदतात, त्यांची जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक कण अडकून मोत्यासारखा उमटतो. पुस्तकात हे मी वीस वेळा वाचले होते आणि पाच-सहा वेळा करून फसले होते.

आपण का फसत होतो, ते त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कळले. दोन्ही फुगे एकाच वेळी एकाच उष्णतेला असावे लागतात. एक जरा गार पडला तर तडकतो, जरा जास्त गरम असला तर दुसऱ्याला लोळवून टाकतो. माएस्त्रो एक फुगा हातात खेळवत असताना दुसरा फुगा भट्टीच्या तोंडाशी कुणीतरी जिवंत ठेवलेला असतो. माझ्याकडे असे ‘कुणीतरी’ नाही. मी फुंकनळीला रबरी नळी जोडून बाकावर बसल्या बसल्या स्वतःच फुंकते, भट्टीचे दार पायाने उघडते, आणि चषकाच्या पायासाठी काचेचा थेंब आणायचा असेल तर हातातले काम टांगून ठेवून धावते. तेवढ्या वेळात ते काम थंड होते.

यापुढचा विचार फारसा सुखाचा नव्हता. माझी भांडी जाड भिंतींची, बसकी आणि जड असतात. प्रदर्शनांत त्यांच्याजवळ मी ‘वजन’, ‘मौन’, ‘मातीशी नाते’ असे शब्द लिहून लावले आहेत आणि लोकांनी ते मान्यही केले आहेत. त्या सकाळी मला स्वच्छ दिसले की जाड भिंत उष्णता जास्त वेळ धरून ठेवते, बसक्या भांड्याला वेगळा पाय जोडावा लागत नाही, आणि म्हणून एकट्या माणसाला पूर्ण करता येण्याजोगा तोच एक आकार आहे. मी जिला शैली म्हणत होते ती मदतनिसाच्या गैरहजेरीने काढलेली रेघ होती. दोन वर्षांपूर्वी माझा एकुलता एक मदतनीस काम सोडून गेला. माझे कामाचे तास बेभरवशाचे, पगार त्याहून बेभरवशाचा. दोष माझाच होता. त्यानंतर एकटीने केलेले काम अधिक शुद्ध असते, असे मी स्वतःला पटवून दिले होते.

त्यांच्यात बोलणे जवळजवळ नव्हतेच. माएस्त्रोने काचेवरून नजर न काढता डावा हात किंचित बाजूला केला की त्या जागी पायासाठीचा थेंब आलेला असे, आणि तो नेमका हवा तितकाच मऊ असे. दहाच्या सुमारास एक जवळजवळ पूर्ण झालेला चषक फुंकनळीवरून दुसऱ्या दांड्यावर घेताना निसटला आणि फुटला. माझ्या पोटात खड्डा पडला. कुणीही मान वळवली नाही. गार्झोनेने फावड्याने तुकडे ओढून डब्यात टाकले, तोवर सेर्वेन्ते पुढचा गोळा घेऊन आला होता. माझ्याकडे असा चषक फुटला की मी चहा करते, बाहेर जाऊन बसते आणि त्या दिवसाचे काम बहुधा तिथेच संपते.

दुपारी दोनच्या सुमारास ठरलेले काम आटोपले. मुशीत थोडी काच शिल्लक होती आणि डब्यात रंगीत काड्यांचे तुकडे होते. तेव्हा त्या चौघांचे चेहरे बदलले, गप्पा सुरू झाल्या, कुणीतरी शीळ घातली. मुरानोत उरल्यासुरल्या काचेतून कारागीर स्वतःला पिण्यासाठी पेले करतात. त्यांना ‘गोतो’ म्हणतात. गोतोला मागणी नसते, नमुना नसतो, दोन गोतो सारखे नसतात. गार्झोनेसुद्धा बाकावर बसला आणि त्याने केलेल्या वाकड्या पेल्यावर माएस्त्रोने केलेली टीका भाषा न कळताही मला समजली. हा त्यांच्या दिवसातला खेळाचा अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात माएस्त्रोने लाल काड्यांचे तीन तुकडे आणि एक निळा तुकडा घेऊन असा काही पेला केला, की सकाळचे जाळीदार चषक त्यापुढे पाठ केलेल्या स्तोत्रासारखे वाटले. एवढा मोकळा हात, सकाळभर तीच ती जाळी विणल्यावर, येतो कुठून? विचारावेसे वाटले, पण प्रश्न इटालियनमध्ये जुळेपर्यंत त्याने फुंकनळी माझ्याकडे पुढे केली होती.

मी उठले, अटीतून सुटका झाली होती. त्यांची काच माझ्यापेक्षा लांब पल्ल्याची होती, म्हणजे ती अधिक वेळ मऊ राहत होती, आणि माझे हात घाईच्या सवयीने तिच्या पुढे पळत होते. सेर्वेन्तेने माझ्यासाठी फुंकले. गेल्या दोन वर्षांत माझ्यासाठी दुसऱ्या कुणी फुंकण्याची सवयच मोडली होती; ‘थांब’ कधी म्हणायचे ते मला सुचेना आणि पेल्याची भिंत पातळ होत गेली, माझ्या हातून कधी झाली नव्हती इतकी पातळ. वर हिरवा तुकडा लागला होता, तो वितळून वेलीसारखा चढला. पेला डावीकडे कलला. माएस्त्रोने तो पाहिला, खांदे उडवले आणि स्वतःच्या हाताने, काच हळूहळू गार करणाऱ्या शीतनभट्टीत ठेवला.

चौथा दिवस

पाऊस. खांदे दुखत होते. बोटीने सान जॉर्जो माज्जोरे बेटावर गेले. तिथल्या ‘ले स्तान्झे देल व्हेत्रो’ या काचेला वाहिलेल्या दालनाची सुरुवात २०१२ मध्ये कार्लो स्कार्पा यांच्या कामाच्या प्रदर्शनाने झाली होती. ते प्रदर्शन अर्थातच आता नाही, पण वाचायला बरेच काही होते, आणि बाहेर पडणे शक्य नसल्यामुळे मी वाचत बसले.

स्कार्पा हे वास्तुकार. १९३२ ते १९४७ या काळात ते व्हेनीनी या काचगृहासाठी संकल्पनाकार होते आणि त्या पंधरा वर्षांत त्यांनी काचेच्या पृष्ठभागाची जितकी रूपे शोधली तितकी क्वचितच कुणी शोधली असतील. ‘बात्तूतो’ हा त्यांचा प्रकार मला सर्वांत प्रिय आहे. थंड काचेवर दगडी चाकाने लहान लहान खाचा पाडून सगळा पृष्ठभाग ठोकलेल्या धातूसारखा करायचा. तांबटाने मठारलेली घागर ज्याने पाहिली आहे त्याला बात्तूतो समजावून सांगावा लागत नाही. असे नवे शोधणारे स्कार्पा स्वतः काच फुंकत नव्हते. कागदावरची कल्पना भट्टीपुढच्या माणसांच्या हातातून पुन्हा पुन्हा उतरवून ते ती बदलत नेत. मग त्या भांड्याचा कर्ता कोण? आमच्या पिढीतल्या काचकारांचे उत्तर ठरलेले असते, की ज्याचा श्वास त्याचे भांडे. तिसऱ्या दिवसानंतर मला ते उत्तर पूर्वीइतक्या ठामपणे देता येत नाही. माझ्या गोतोत श्वास माझा नव्हताच.

परतताना बोटीत बसून टोलेडोची गोष्ट मी मनाशी पुन्हा मांडून पाहिली. लिटल्टन १९५७ मध्ये युरोपात आले असताना मुरानोलाही आले होते. इथे मोठ्या भट्ट्यांच्या जोडीला असलेल्या लहान भट्ट्या त्यांनी पाहिल्या आणि काच एकट्या कलावंताच्या आवाक्यात येऊ शकते, हा विचार ते घेऊन गेले. त्यांचा विद्यार्थी डेल चिहुली १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर व्हेनीनीत आला. त्याने त्याच बेटावर नेमके उलटे पाहिले: बाकाभोवती फिरणारी माणसे. १९७१ मध्ये त्याने वॉशिंग्टन राज्यात पिल्चक ही शाळा सहकाऱ्यांसोबत सुरू केली. १९७६ मध्ये मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला, काही वर्षांनी खांदा दुखावला आणि तो स्वतः बाकावरून उठला. त्यानंतरचे त्याचे प्रचंड काम चमूने त्याच्या नजरेखाली केलेले आहे. १९७९ मध्ये मुरानोचे माएस्त्रो लीनो ताल्यापिएत्रा पिल्चकला गेले आणि बेटाने शतकानुशतके जपलेली तंत्रे त्यांनी तिथल्या मुलांसमोर मोकळी केली. मुरानोत अनेकांना ते रुचले नाही. इथल्या माणसांचे आज रिकामे होत चाललेले बेट पाहिले की त्या नाराजीचा राग येत नाही. पण ते गेले नसते तर मला फुंकनळी धरायला शिकवणाऱ्यांनाही ती कुणी शिकवली नसती, हेही खरे.

एकाच बेटावरून एकाने एकांत नेला आणि दुसऱ्याने गर्दी. मी बारा वर्षे पहिल्याची वारस म्हणवून घेत होते, आणि त्या एकांतातला किती भाग निवडीचा आणि किती नाइलाजाचा हे कधी तपासले नव्हते.

पाचवा दिवस

गोतो आणायला भट्टीत गेले. काच काम संपल्यावर पाचशे अंशांच्या आसपास काही काळ ठेवून मग हळूहळू थंड करावी लागते. बाहेरची बाजू आधी गार होऊन आकसली आणि आतली मागे राहिली, तर तो ताण भांड्यात कोंडून राहतो आणि एखाद्या रात्री कपाटात ठेवलेले भांडे आपोआप फुटते. पातळ पेल्याला एक रात्र पुरते, पण त्याच्याबरोबर जाड वस्तूही ठेवलेल्या असल्यामुळे सगळ्यांनाच त्यांच्या चालीने चालावे लागले होते.

पेला हातात घेतला आणि पहिल्यांदा त्याचे वजन जाणवलेच नाही. तळाशी, दांडा तोडला त्या जागी, नखाएवढा खरबरीत व्रण होता. घासकाम करणाऱ्याने तो चाकावर सपाट करून देऊ का, असे खुणेने विचारले. मी नको म्हटले.

इतर दिवशी दिसले नव्हते ते त्या दिवशी दिसले. शेजारच्या तीन इमारतींची दारे बंद होती आणि एका धुराड्यावर गवत उगवले होते. वायूवर चालणारी भट्टी सहजासहजी विझवता येत नसल्यामुळे इंधनाचा भाव वाढला की काम असो वा नसो, बिल चढतच राहते. २०२१ आणि २०२२ मध्ये युरोपात वायूचे दर भडकले तेव्हा मुरानोतल्या अनेक भट्ट्या काही काळ विझवाव्या लागल्या. माझ्या विजेच्या बिलाचा आकडा मी सेर्वेन्तेला बोटांवर सांगितला, त्याने आपल्या बिलाचा सांगितला, आणि मग आम्ही दोघेही काही वेळ नुसते भट्टीकडे पाहत राहिलो. काचकारांची खरी आंतरराष्ट्रीय भाषा हीच असावी.

निघताना माएस्त्रोने दुधी काड्यांची एक जुडी मला देऊ केली. ती घ्यावी असे फार वाटत होते, पण त्यांच्या आणि माझ्या काचेचे प्रसरण वेगळे आहे. दोन्ही एका भांड्यात घातल्या तर थंड होताना एकमेकींना फाडतील. हे मी कागदावर दोन रेघा काढून सांगायला लागले, तेव्हा त्याने अर्ध्यावरच मान हलवली आणि जुडी परत ठेवून दिली. थोड्या वेळाने आत जाऊन तो एक रिकामी, काजळलेली लाकडी वाटी घेऊन आला. गरम गोळ्याला आकार देण्यासाठी पाण्यात भिजवून वापरतात ती. लाकडाचे प्रसरण कुणाला बाधत नाही, असे काहीतरी तो म्हणाला असावा. सगळे हसले, म्हणून मीही हसले.

रात्री रिओ देई व्हेत्राईच्या काठावर बसून वहीत रेखाटने केली. चार दिवसांपूर्वीचा तो दुधाळ हिरवा पुन्हा दिसला, या वेळी दिव्यांच्या उजेडात. वहीत काढलेले आकार उंच होते, पातळ होते, त्यांना पाय होते. प्रत्येकाशेजारी मी सवयीने वितळण्याचे तापमान आणि रंगाचे प्रमाण लिहिले, आणि मग सवय नसताना आणखी एक आकडा लिहिला: माणसे दोन, माणसे तीन, माणसे दोन.

सहावा दिवस

पहाटेच्या बोटीत मी आणि एक झोपलेला विद्यार्थी, दोघेच होतो. गोतो लोकरी मोज्यात गुंडाळून लाकडी वाटीत बसवला होता आणि ती वाटी मांडीवर धरली होती. विमानतळावर तपासणी करणाऱ्या माणसाने मोजा सोडला, पेला उलटा करून तळाचा व्रण अंगठ्याने चाचपला, काहीतरी पुटपुटला आणि माझ्यापेक्षा नीट गुंडाळून परत दिला.

विमानाला वेळ होता. पेल्याचे एक छायाचित्र काढून मी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माझ्या मदतनिसाला पाठवले आणि खाली लिहिले, ‘नवी मूस पुढच्या आठवड्यात बसेल. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते दुपारी दोन. तास ठरलेले, पैसे ठरलेले. शेवटचा अर्धा तास तुझा, उरलेल्या काचेचे हवे ते कर. येशील का?’

बराच वेळ उत्तर आले नाही. विमानात चढायच्या रांगेत उभी असताना फोन वाजला.

‘ताई, पेला डावीकडे कललाय,’ असे त्याने लिहिले होते. मग थोड्या वेळाने दुसरी ओळ आली: ‘सहा म्हणजे सहाच ना?’